रेघ मारलेली पानं

माझी आई कोळंबी सोलायची. रत्नागिरीच्या बंदराजवळ मासळीची एक कंपनी होती, तिथं. पहाटे बर्फाच्या पाण्यात हात घालायचा तो दुपारीच बाहेर काढायचा. तिच्या बोटांची टोकं कायम पांढरी आणि फुगलेली असत. जेवताना आमटीचं तिखट लागलं की ती हात झटकायची आणि डाव्या हातानं जेवायची. वडील आधी मच्छीमार लाँचवर खलाशी होते. एका वादळात लाँच उलटली, दोघं गेले, वडील फळकुटाला धरून परत आले. त्यानंतर त्यांनी समुद्रावर पाय ठेवला नाही, घरी बसून लोकांची जाळी दुरुस्त करायचे. आमच्या खोलीचं एक दार समुद्राकडे उघडायचं. ते त्यांनी पत्रा ठोकून बंद केलं. आम्ही मागच्या दारानं जायचो-यायचो, आणि घरात दिवसाही अंधार असायचा. वारा सुटला की वडील उठून पत्र्याचे खिळे बोटानं चाचपून बघायचे. ते बघून आम्हा भावंडांना भीती वाटायची. कशाची, ते सांगता आलं नसतं.

वह्या पुरायच्या नाहीत. कंपनीत खोक्यांवर चिकटवायची लेबलं कधी चुकीची छापून यायची. आई ती आणायची. त्यांच्या पाठीवर मी गणितं सोडवायची. नववीत एका चाचणीत मी एकच गणित दोनदा सोडवलं, पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं. सरांनी पहिलं तपासून शून्य दिलं. मी रडत गेले तर म्हणाले, "परीक्षक काय तुझा मामा आहे, शोधत बसायला? कच्चं काम असेल त्यावर तिरकी रेघ मार! रेघ मारलेलं कुणी बघत नाही." त्या दिवसापासून मी पट्टी घेऊन रेघा मारत आले. दहावी, बारावी, बी.ए. आणि मग ग्रंथालयाची पदवी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

मस्कतला आले ती अल् खुवैरमधल्या एका कंपनीत. लोकांचे, ऑफिसांचे जुने कागद लावायचे, त्यांची सूची करायची, स्कॅन करायचे, नको असलेले खाकी पिशव्यांत भरून नष्ट करायला पाठवायचे. मॅनेजर सर पुण्याचे. वर्षभर मी कंपन्यांची करारपत्रं लावली. मग एक दिवस सरांनी बोलावलं.

"कुरुमला एक ब्रिटिश म्हातारी राहते. कंपोझर आहे. तिचे सगळे कागद इंग्लंडच्या एका लायब्ररीला जाणार आहेत. त्याआधी आपण लावून, स्कॅन करून द्यायचे. तू लायब्ररीवाली ना? तूच जा."

"सर, मला संगीतातलं काही कळत नाही."

"तुला कुठं गायचंय?"

मॅडम त्र्याण्णव वर्षांच्या होत्या. अंगानं काटकुळ्या, केस कापसासारखे, डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. उजेड कळायचा, माणूस हलला तर सावली कळायची. कान मात्र असे की मी चप्पल काढून आत आले तरी त्या म्हणायच्या, "आज उशीर झाला तुला." आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. माझं इंग्रजी रत्नागिरीचं, त्यांचं इंग्लंडच्या उत्तरेकडल्या कोळशाच्या गावचं. पहिला आठवडा दोघींना एकमेकींचं अर्धंच कळलं.

कंपोझर म्हणजे काय, ते मला तिथं समजलं. आपल्याकडे चीज गुरूच्या गळ्यात असते, ती शिष्याच्या गळ्यात जाते. त्यांच्याकडे एक माणूस टेबलाशी बसून प्रत्येक वाद्याचा प्रत्येक सूर कागदावर लिहितो, आणि वाजवणारे त्या कागदावरून वाजवतात. गाणं असतं ते कागदात. मॅडमच्या घरी असे कागद भिंतभर होते. कपाटाचे अकरा खण, वर बांधीव पुस्तकं, पलंगाखाली खोकी.

त्या खुर्चीत बसायच्या, मी एकेक गठ्ठा काढून वर काय लिहिलंय ते वाचायची, आणि त्या सांगायच्या. वडील खाणीत होते. आई प्रार्थनाघराची फरशी पुसायची. आई फरशी पुसत असताना ही मुलगी तिथल्या पायपेटीवर बोटं फिरवायची. तिथल्या पाद्रीबाबानं स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवलं आणि ती लंडनच्या संगीत महाविद्यालयात गेली. घरातली कॉलेजला गेलेली पहिलीच. हे ऐकून मी म्हणाले, "मी पण." त्या म्हणाल्या, "मग तुला माहीत असेल, घरी गेल्यावर आपलं बोलणं कुणालाच आवडत नाही."

त्यांच्या प्रोफेसरांनी सांगितलं होतं की बायकांनी पोरांसाठी छोटी गाणी करावीत, मोठ्या वाद्यवृंदाच्या भानगडीत पडू नये. म्हणून त्या नावाची नुसती आद्याक्षरं घालून आपलं काम पाठवायच्या. उत्तरं यायची ती 'प्रिय महाशय' अशी. एकदा काम पास झालं, त्या तालमीला गेल्या, तर दारावरच्या माणसानं त्यांच्या हातात चहाचा ट्रे दिला.

"मग तुम्ही काय केलंत, मॅडम?"

"चहा दिला सगळ्यांना. मग ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, दुसऱ्या पानावर तुम्ही फार घाई करताय."

पुढं त्यांचं लग्न बंदरं बांधणाऱ्या इंजिनीअरशी झालं. नवऱ्याबरोबर त्या ओमानला आल्या आणि काही वर्षं सूर नावाच्या बंदराच्या गावी राहिल्या. तिथं किनाऱ्यावर लाकडी गलबतं बांधायचे. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवणारे कारागीर ओळीनं बसायचे. त्यांच्या ठोक्यांवरून मॅडमनी एक काम लिहिलं. चार तंतुवाद्यांसाठी, दोन व्हायोलिन, त्याहून जरा मोठा व्हायोला आणि गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो. अशा चौघांच्या रचनेला क्वार्टेट म्हणतात. मॅडमचं हे तिसरं क्वार्टेट. त्याचे चार भाग, आणि तिसरा भाग संथ, सूरचा. आयुष्यभर केलेल्या कामातलं एकच ठेवायचं झालं तर तो भाग ठेवीन, असं त्या म्हणाल्या. तो कधीही कुणी वाजवला नव्हता.

कामाची घडी बसली. सूचीसाठी प्रत्येक रचनेची सुरुवातीची ओळ उतरवून घ्यावी लागायची. तेवढ्यापुरतं मॅडमनी मला शिकवलं. पाच रेघा, कुठल्या रेघेवर कुठला सूर, भरीव टिंब की पोकळ. मी ते नकाशा गिरवावा तसं गिरवायची. जाहिराती, बिलं, जादा छापील प्रती फेकून दे, असं त्यांनी सांगितलं होतं.

आता माझी चूक सांगते.

खणांत दोन तऱ्हेचे हस्तलिखित कागद होते. बांधीव पुस्तकांत शाईनं लिहिलेली सुबक प्रत आणि सुट्या गठ्ठ्यांत पेन्सिलीनं लिहिलेली पानं. पेन्सिलीच्या बहुतेक पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल पेन्सिलीची एक तिरकी रेघ होती. मी पाहिलं आणि मला कळलं. कच्चं काम! पहिल्या आणि दुसऱ्या क्वार्टेटची पेन्सिलीची पानं मी पुस्तकांशी ताडून पाहिली. सगळं पुस्तकात होतंच. तिसऱ्याचंही पुस्तक फळीवर होतं, पाठीवर आकडाही होता. ते मी उघडलं नाही. विचारलंही नाही. विचारायचं काय? रेघ मारलेली होती. तीन खाकी पिशव्या भरल्या आणि बुधवारी आमच्या ड्रायव्हर चाचांच्या गाडीत चढवल्या. सरांनी फोनवर शाबासकी दिली, आठवड्यात दोन खण उरकले म्हणून. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

गुरुवारी सकाळी मॅडमनी आपणहून विषय काढला.

"सूरचा भाग आज बघू. अकरा पानं आहेत, पेन्सिलीची. नीट धर हं, माझ्याकडे तेवढीच आहेत."

मी म्हणाले, "पुस्तकात आहे ना, मॅडम?"

"पुस्तकात पहिला, दुसरा आणि चौथा. तिसऱ्याची शाईची प्रत लंडनला पाठवली होती, रेडिओवर वाजवायचं का ते बघायला. परत आलीच नाही. मी पत्रं लिहिली. ते म्हणाले, आम्हाला मिळालीच नाही. ती अकरा पानं आता एकटीच."

"त्यांच्यावर रेघ आहे का?" मी विचारलं.

"असणारच. एक पान शाईनं उतरवून झालं की मी रेघ मारायचे. झालं, संपलं. मग चहा."

मी खणासमोर मांडी घालून बसले होते. खण रिकामा होता आणि मॅडमना तो दिसत नव्हता.

"सापडली का?"

"हो मॅडम," मी म्हणाले. "आहेत."

का म्हणाले ते माहीत नाही. भीतीनं म्हणाले. पोट दुखतंय असं सांगून मी उठले. जिन्यात बसून चाचांना फोन लावला. चाचा श्रीवर्धनकडचे, तीस वर्षं ओमानात गाडी चालवतायत.

"चाचा, कालच्या पिशव्या कुठायत?"

"काय गो, त्या कालच दिल्या. पार रुस्ताकला, मस्कतबाहेरच्या गोदामात. का?"

"त्यांचं काय करतात?"

"काय करतील? मशीनमध्ये घालतात. चुरा करतात. तुझ्या हापिसानंच सांगितलंय ना." मग थांबून म्हणाले, "रडतेस का गो तू?"

त्यांनी गोदामात फोन केला, कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सगळं बंद. नमाज झाल्यावर माझ्याच गाडीनं जाऊ, म्हणाले. मी सरांना फोन केला. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत, त्याची मला जास्त धास्ती बसली.

"म्हातारीला कळलंय?"

"नाही सर."

"मग झालं तर. तिला दिसतं का? त्र्याण्णव वय आहे. लायब्ररीला जी यादी जाईल ती तूच करणार आहेस ना? ती अकरा पानं यादीत घालायचीच नाहीत. विषय खलास."

"सर, पण ती एकच प्रत..."

"हे बघ, क्लायंटनं तक्रार केली तर माझ्याआधी तुझी नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसा गेला. घरी काय सांगशील? विचार कर. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

संध्याकाळी आईचा फोन आला. "जेवलीस का? आवाज असा का येतोय?" एसीनं घसा बसलाय, म्हटलं. ती म्हणाली, "मीठ टाकून गुळण्या कर. आणि कुणाला उलटं बोलू नकोस, परक्या मुलखात आहेस." माझ्या बडबडीची तिला कायम भीती. मी फोन ठेवला आणि खरंच मिठाच्या गुळण्या केल्या.

शुक्रवारी दुपारी निघालो. चाचांची जुनी गाडी, एसी एका बाजूनंच चालायचा. एका बाजूला उघडे डोंगर, रस्त्यावर शुकशुकाट. चाचा माझ्याकडे बघायचे, परत रस्त्याकडे बघायचे.

"मी पहिल्यांदा इकडं आलो ना, तेव्हा माझी बायको एवढी रडली नव्हती. आणि तू कागदासाठी?"

"तो कागद नाही चाचा. ते तिचं गाणं आहे."

"मग गाऊन दाखवेल की परत."

"चार वाद्यं आहेत, चाचा. आणि ती म्हातारी आहे."

"हं," म्हणाले, आणि गाडी जरा जोरात घेतली. मी मनात बोलायची वाक्यं जुळवत होते. मॅडम, एक चूक झाली. मॅडम, पानं सापडत नाहीत. सापडत नाहीत म्हणजे खोटंच पुन्हा. दर वळणाला नवं वाक्य.

गोदाम म्हणजे पत्र्याची लांब शेड. मालक ओमानी, किल्ली त्याच्याकडे, आणि तो घरी जेवत होता. तिथं राहणारा कामगार बिहारचा. त्याला चाचांनी विचारलं तर त्यानं सहज हात उडवला. "मस्कत का कागज? कल आधा खलास हुआ, आधा बाकी है."

आधा. कुठला आधा? मालक येईपर्यंत आम्ही बाहेर उभे होतो. दाराच्या फटीतून मला पांढऱ्या चुऱ्याचा ढीग दिसत होता, माझ्या उंचीचा. चाचांनी पाण्याची बाटली दिली.

मालक आला, भला माणूस. चाचांनी अरबीत काय सांगितलं कोण जाणे, त्यानं माझ्याकडे पाहिलं, "यल्ला, यल्ला" म्हणून दार उघडलं आणि स्वतःच पिशव्या हलवायला लागला. आमच्या कंपनीची चिठ्ठी असलेल्या दोन पिशव्या भरलेल्या होत्या. तिसरी फाटकी, निम्मी रिकामी, मशीनच्या तोंडाशी आडवी पडलेली. मी आधी भरलेल्या उपसल्या. पहिल्या क्वार्टेटची पानं, दुसऱ्याची, बिलं, जाहिराती. सूर नाही. मग फाटकी घेतली. मालकानं खाली चादर अंथरली. वरच्या कोपऱ्यात मॅडमच्या अक्षरात 'सूर' लिहिलेलं पहिलं पान सापडलं तेव्हा मी ओरडले. मग दुसरं, पाचवं, अकरावं, तिसरं. चाचा उकिडवे बसून मोजत होते. दहा झाली. सातवं नाही.

पिशवी उलटी केली. मशीनच्या खाली पाहिलं. ढिगात हात घातला. पाच रेघा असलेले नखाएवढे तुकडे मुठीत आले, कुठल्या पानाचे ते देवाला ठाऊक. सातवंच का गेलं, मला आजतागायत कळलेलं नाही. दिवस मावळेपर्यंत आम्ही शोधलं. मालकानं खजूर आणि काळा कहवा आणून ठेवला. परतताना चाचा म्हणाले, "अकरातली दहा मिळाली पोरी. अल्लाचे आभार मान." मी मानले. पण माझ्या डोळ्यांसमोर सातवंच होतं.

रविवारी सकाळी मी कुरुमला गेले. दारात उभं राहून बेल वाजवायचा धीर होत नव्हता. आतून आवाज आला, "किती वेळ उभी राहणार आहेस?"

मी खुर्चीसमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. जुळवलेली वाक्यं सगळी विसरले होते. मी रेघ बघून कच्चं काम समजले, न विचारता पिशवीत घातलं, दहा पानं आणली आहेत, सातवं नष्ट झालं, आणि गुरुवारी मी 'आहेत' म्हणाले ते खोटं होतं.

मॅडमचा उजवा हात खुर्चीच्या हातावर अगदी हळू ठोके देत होता. मला वाटलं त्यांना काही होतंय.

"रेघेला कच्चं काम का समजलीस?"

मी नववीतलं सगळं सांगितलं, सर, शून्य, मामा. त्या हसल्या नाहीत.

"तुझ्या त्या मास्तरांना सांग, ती रेघ मारायची वेळ माझ्या दिवसातली सगळ्यात चांगली वेळ होती." मग म्हणाल्या, "चूक कुणीही करतं. गुरुवारी तू माझ्या डोळ्यांचा फायदा घेतलास. आयुष्यभर लोक मला सांगत आले, तुमचे कागद मिळाले नाहीत. तूही त्यांच्यातलीच निघालीस. जा आज. आज तू मला इथं नको आहेस."

तो दिवस कसा गेला ते मला लिहिता येणार नाही. मी ऑफिसात जाऊन बसले. फोन वाजला की दचकायची. सरांनाही सांगितलं, मॅडमना सगळं खरं सांगून टाकलं म्हणून. ते म्हणाले, "शहाणी आहेस. आता बॅग भर." मी खरंच संध्याकाळी बॅग पलंगावर काढून ठेवली. वडिलांना काय सांगणार होते? की परत आले, आता तुमच्याबरोबर जाळी दुरुस्त करत बसते?

सोमवारी सकाळी मॅडमचा फोन आला. सरांना नाही, मला. "पेन्सिली घेऊन ये. मऊ."

टेबलावर पाच रेघांचे कोरे कागद होते.

"सहाव्याची शेवटची ओळ सांग. आठव्याची पहिली सांग. मधलं मी शोधते. माझ्या हातानं आता लिहिणं होत नाही, तू लिहिणार."

"मॅडम, मला लिहिता येत नाही. मी नुसतं गिरवते."

"मग गिरव. मी कुठल्या रेघेवर ते सांगेन."

चेलोपासून सुरुवात झाली, कारण तो त्यांना सगळ्यात नीट आठवत होता. दुसरी रेघ, पोकळ टिंब, दोन ठोके. तिसऱ्या रेघेच्या वर, भरीव. एक मात्रा गप्प. मी लिहायची, मग परत वाचून दाखवायची. व्हायोलाच्या ओळीला सुरुवातीचं चिन्ह वेगळं असतं आणि तिथं त्याच रेघा वेगळ्या सुरांच्या होतात, हे मी दोनदा विसरले. दोन दिवसांचं काम पुसावं लागलं. तेव्हा त्या इतक्या चिडल्या की त्यांना खोकल्याची ढास लागली, आणि मी पाणी देताना घाबरून ग्लास सांडला.

"आधी हे पान पुरं कर, मग मी मेले तर रड," त्या म्हणाल्या.

हीच माझी नवी भीती होती. नोकरीची भीती मागं पडली. त्र्याण्णव वर्षांचं माणूस, ते पान जगात फक्त त्यांच्या डोक्यात, आणि रोज आम्ही त्यातल्या चारपाच मात्रा बाहेर काढतो. रोज सकाळी बेल वाजवली की आतून आवाज येईपर्यंत मी दाराला कान लावून असायची.

सोळा दिवसांनी आवाज आला नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं, पहाटे हॉस्पिटलात नेलं, छातीत पाणी झालंय. चेलो झाला होता, व्हायोला झाला होता, दुसरं व्हायोलिन अर्ध्यावर होतं, पहिलं पूर्ण राहिलं होतं. मी हॉस्पिटलात गेले. आत सोडेनात, नातेवाईक नाही म्हणून. बाहेर बाकावर बसून राहिले. मला माझीच लाज वाटत होती, कारण मी देवाजवळ मॅडम मागत होते की पान मागत होते, ते माझं मलाच कळत नव्हतं. चाचा ऑफिसातून परस्पर आले आणि बाजूला बसले. "इन्शाल्ला बरी होईल," म्हणाले. "तिच्यासारखी माणसं चिवट असतात. माझी सासू बघ."

पाचव्या दिवशी आत सोडलं. नाकात नळी, हातात सुई. मॅडमनी चाहूल घेतली.

"पेन्सिल आहे?"

"आहे."

"दुसरं व्हायोलिन. कुठं होतो आपण?"

नर्स रागावली. आम्ही तीन मात्रा लिहिल्या.

घरी आल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला होता, दिवसाला अर्धा तास पुरायचा. पहिल्या व्हायोलिनच्या एका जागी त्या अडल्या. सोमवारी एक सांगितलं, मंगळवारी दुसरं. मी घाबरत विचारलं, "खरं कुठलं, मॅडम?"

त्यांनी दोन्ही टेबलावर बोटांनी वाजवून पाहिली. "तेव्हा सोमवारचं लिहिलं असणार. मंगळवारचं जास्त चांगलं आहे. मंगळवारचं ठेव. सोमवारच्यावर रेघ मार." आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. "फेकू नकोस मात्र!"

पान पुरं व्हायला दीड महिना लागला. मी ते स्कॅन करून लंडनला मॅडमच्या मुलीकडे पाठवलं, तिनं ते तिथल्या एका वादकाला दाखवलं. त्यानं दोन जागा विचारल्या, मॅडमनी त्या दुरुस्त केल्या. मॅडमनी तक्रार केली नाही, म्हणून नोकरी राहिली; कंपनीत मला लेखी समज मिळाली, ती माझ्या फाइलला आहे. पुढच्या वर्षी काम संपल्यावर मी तिथून निघाले आणि मस्कतमधल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात इंग्लंडहून चार वादक आले, तीन बायका आणि एक पुरुष. मस्कतच्या एका छोट्या सभागृहात त्यांनी तिसरं क्वार्टेट चारही भागांसह पहिल्यांदा वाजवलं. मॅडम पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत होत्या, मी बाजूला. सहाव्या पानाच्या शेवटच्या ओळीपासून मी मांडीवर मात्रा मोजत होते. सातवं आलं आणि गेलं, कुणी थांबलं नाही, कुणी चुकलं नाही. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, "व्हायोला जरा मोठ्यानं हवा होता."

ते क्वार्टेट आता छापलेलं आहे आणि कुणालाही वाजवता येतं. मॅडमचे सगळे कागद इंग्लंडच्या ग्रंथालयात पोचले. त्यांची सूची मी केली. तिच्यात तिसऱ्या क्वार्टेटपुढे लिहिलं आहे: चार भाग, पूर्ण. तिसऱ्या भागाचं सातवं पान मूळ नाही, सूची करणारीच्या चुकीनं ते नष्ट झालं, आणि रचनाकर्तीनं सांगितल्याप्रमाणे पुन्हा लिहून घेतलं.